हीटर कोणता घ्यायचा? सोलापूरहून लडाखला निघणाऱ्या गाडीची तयारी

(दृश्य: अक्कलकोट रोडवरचं एक गॅरेज. मे महिन्यातली सकाळ. टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या भागात मिस्त्री ड्रिल घेऊन वाकलेत.)

गाडीच्या तळाच्या पत्र्यात मिस्त्री भोकं पाडतायत. भोकं तीन. एकातून बाहेरची हवा हीटरमध्ये येणार, दुसऱ्यातून हीटरचा धूर बाहेर जाणार आणि तिसऱ्यातून डिझेलची बारीक नळी वर येणार. खालची चेसीची (गाडीच्या सांगाड्याची) पट्टी कुठून जाते ते मिस्त्रींनी आधी गाडीखाली झोपून खडूनं आखून ठेवलंय. तिला ड्रिल लागता कामा नये.

दुपारी इथे पारा ४२ अंशांवर जाईल. गॅरेजसमोरून जाणारा जो तो थांबून विचारतो, "सोलापुरात गाडीला हीटर? कशाला ओ?"

गाडी आहे एका काका-काकूंची. काकांचा आयुष्यभर चादरींचा धंदा, काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. सप्टेंबरअखेरीस मनालीमार्गे लेह, पँगाँग सरोवर आणि परतताना स्पिती, असा बेत आहे. आपल्याकडची थंडी म्हणजे जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत अंगावर स्वेटर असला की भागलं. पँगाँगच्या काठावर मात्र ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच रात्री पारा शून्याखाली जातो. जागा ४,२०० मीटरच्याही वर. पत्र्याच्या गाडीत तिथे रात्र काढायची तर ऊब कुठून आणायची, हा प्रश्न या घरात दिवाळीपासून चाललाय.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलं. तेव्हापासून अशा, आतच राहता-झोपता येणाऱ्या गाड्यांबद्दल विचारणा वाढली, असं मिस्त्री सांगतात. पलंग, ओटा, पाण्याची टाकी हे सगळं आपले कारागीर उत्तम करतात. हीटरपाशी आले की मात्र बहुतेक जण अंदाजानं चालतात. म्हणून ही फिल्म.

(दृश्य: काकांची वही. बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर पॅनल यांची आकडेमोड.)

काकांना आधी विजेचा हीटर हवा होता. घरात चालतो, गाडीत का नको? हिशेब वहीतच आहे. १,५०० वॉटचा साधा हीटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालवला तर बॅटरीतून १२५ अँपिअरच्या वर करंट ओढतो. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर दीड तास. त्याच मापाची लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात खेळ संपला. छतावरचं ४०० वॉटचं पॅनल स्वच्छ उन्हाच्या दिवशी दीड-दोन युनिट वीज देतं. दिवसभराचं ऊन तासाभरात जळून जातं.

होमस्टेच्या अंगणात गाडी लावून त्यांच्या प्लगवर चालवायचा म्हटलं, तर साधा ६ अँपिअरचा सॉकेट १,३०० वॉटच्या वर झेपत नाही. डोंगरात रात्री वीज असेलच असंही नाही. विजेवर चालणारी एकच गोष्ट काकूंनी यादीत ठेवली: १२ व्होल्टचं गरम होणारं ब्लँकेट. ६० वॉट. रात्रभर लावलं तरी बॅटरीचा पाचवा हिस्साच जातो.

(दृश्य: टेबलावर गॅसचा छोटा हीटर, जाळी लालभडक.)

आता गॅस. इथे थोडं थांबावं लागेल, कारण जिवाशी गाठ आहे ती इथेच.

बाजारात मिळणारा हा हीटर दिसायला सुबक. सिलिंडर जोडला, काडी लावली की जाळी लाल होते, दोन मिनिटांत ऊब. पण जळलेल्या वायूला बाहेर जायला वाट नाही. जे काही तयार होतं ते सगळं गाडीतच राहतं.

एक तर पाणी. एक किलो एलपीजी जळला की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ होते. छोटा हीटर रात्रभर चालला तर लिटरभर पाणी हवेत जातं आणि ते थंड काचेवर, पत्र्यावर, गादीच्या खालच्या बाजूला जाऊन बसतं. पहाटे काचा आतून ओघळतात. आठवड्यात गादीला बुरशी, वर्षात पत्र्याला गंज.

दुसरं, कार्बन मोनॉक्साइड. हवा कमी पडली, ज्वलन अर्धवट झालं की हा वायू तयार होतो. वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या बातम्या दरवर्षी उत्तरेतून येतात. ट्रॅव्हलरचा मागचा भाग त्या खोल्यांपेक्षा कितीतरी लहान आहे.

तिसरी गोष्ट खुद्द गॅसची. आपल्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो, पण ब्यूटेन शून्याच्या आसपासच द्रव होऊन बसतो. ज्या रात्री ऊब सगळ्यात जास्त लागते, त्याच रात्री गॅसचा दाब पडतो. शिवाय घरगुती सिलिंडर गाडीला जोडणं बेकायदा आहे.

युरोपात गॅसवर चालणारे बंदिस्त हीटरही असतात. त्यांचं ज्वलन वेगळ्या कप्प्यात होतं, धूर नळीनं बाहेर जातो. जर्मनीच्या ट्रुमा कंपनीचे हीटर तिथल्या कॅरव्हॅनमध्ये सर्रास दिसतात. यंत्र म्हणून ते चांगलंच आहे. पण ते प्रोपेनवर, ठराविक दाबाच्या रेग्युलेटरवर चालतं, आणि वाटेवरच्या केलाँगला किंवा काझाला तसा सिलिंडर कुठे शोधत फिरणार?

माझं मत स्पष्ट आहे. ज्या हीटरचा धूर झोपायच्या जागेत सुटतो तो कॅरव्हॅनमध्ये घ्यायचाच नाही, कितीही स्वस्त मिळो. खिडकी थोडी उघडी ठेवू, झोपायच्या आधी बंद करू, हे सगळं ठरवताना सोपं असतं. रात्री दोन वाजता, दमलेल्या शरीरानं, उणे तापमानात ते कुणी करत नाही.

(दृश्य: बाकावर उघडलेला डिझेल हीटर. मिस्त्रींची बोटं एकेक भाग दाखवतात.)

मग उरतो डिझेल हीटर. मिस्त्रींनी तो बाकावर उघडून ठेवलाय. बुटाच्या खोक्याएवढा. मधोमध अ‍ॅल्युमिनिअमचा पातळ पात्यापात्यांचा ठोकळा, त्याच्या पोटात जळणाची नळी. ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, लालबुंद होतो, पंप डिझेलचा थेंब थेंब सोडतो, आत ज्योत धरते. या ज्योतीला लागणारी हवा गाडीखालून येते आणि तिचा धूर गाडीखालीच जातो. गाडीतली हवा फक्त त्या तापलेल्या ठोकळ्यावरून फिरून परत येते. दोन हवांची भेट कुठेच होत नाही. ओलावा वाढत नाही, उलट काचा कोरड्या राहतात.

पेटताना ग्लो प्लगसाठी दोन-तीन मिनिटं ८ ते १० अँपिअर लागतात. ज्योत धरली की एक-दोन अँपिअरवर भागतं. दोन किलोवॉटचा हीटर पूर्ण जोरात चालला तर तासाला पाव लिटर डिझेल, मंद चालला तर १०० मिलिलिटर. रात्रीला लिटर-दीड लिटर. गाडी डिझेलचीच, त्यामुळे इंधन टाकीतूनच घेता येतं. फक्त नळीचं तोंड टाकीच्या तळापासून बरंच वर ठेवायचं, म्हणजे हीटरनं कितीही प्यायलं तरी इंजिनपुरतं डिझेल शिल्लक राहतं.

वेबास्टो आणि एबरस्पेखर या जर्मन कंपन्यांचे हीटर ट्रकवाल्यांमध्ये नावाजलेले. चिनी बनावटीचे त्यांच्या कित्येक पट स्वस्त. रचना बरीचशी तीच, पण सोबत येणारी नळी, क्लिपा, सायलेन्सर यांचा भरवसा धरू नये. काकांनी हीटर स्वस्तातला घेतला, पण धुराची नळी आणि जोड वेगळे, चांगल्या स्टेनलेस स्टीलचे घेतले. पैसा लावायचा तर तिथेच लावावा.

(दृश्य: गाडीखालून. धुराच्या नळीवर फायबरची पट्टी गुंडाळली जातेय.)

धुराच्या नळीचं तोंड मिस्त्रींनी गाडीच्या कडेपर्यंत बाहेर काढलंय. गाडीच्या पोटाखाली सोडलं तर वारा पडल्यावर धूर तिथेच साचतो आणि तळातल्या फटींतून वर चढतो. तोंड खिडकीच्या किंवा दाराच्या खाली नाही. नळीला उतार आहे, म्हणजे आत जमलेलं पाणी गळून जाईल. हवा घ्यायची नळी तिच्यापासून लांब, उलट दिशेला. पत्र्यातून जिथे नळी जाते तिथे उष्णता सोसणारं सीलंट. पंप आडवा न लावता तोंड वर करून तिरका बसवलाय, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि ज्योत मध्येच विझते.

आता माप. काकांचा हट्ट पाच किलोवॉटचा होता. मोठा घेतला म्हणजे काळजी नको. मिस्त्री म्हणाले, "काका, आधी गाडी झाका. मग बघू किती लागतंय."

या गाडीच्या मागच्या भागाला सगळ्या बाजू धरून साधारण ३० चौरस मीटर पत्रा आणि काच आहे. बाहेर उणे १२, आत १८ हवेत, म्हणजे ३० अंशांचा फरक. उघड्या पत्र्यातून अशा वेळी साडेचार-पाच किलोवॉट उष्णता निघून जाते. पाचाचा हीटरही तिथे धापा टाकेल. तीच गाडी नीट झाकली तर दीड किलोवॉटच्या आत भागतं. म्हणजे दोनाचा पुरतो.

झाकलेल्या गाडीत पाचाचा बसवला तर तो सतत मंद चालणार. मंद ज्योतीत डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, महिन्या-दोन महिन्यांत हीटर पेटायचा बंद होतो. हे हीटर अधूनमधून जोरात चालवावे लागतात.

झाकायचं कशानं? काका सोलापूरचे, चादरीवाले. पहिला विचार काय येणार? जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेली आपली चादर, जाड सुताची, घरातच गठ्ठे पडलेले. भिंतीच्या पत्र्यात आणि प्लायवुडच्या मध्ये तीच दडपू या.

"चादर अंगावर घ्यायची, काका. पत्र्यात घातली तर ओल धरतंय बघा. पत्रा आतून सडून जातोय."

"मग काय घालायचं ओ?"

"एसीच्या डक्टला लावतात तो काळा फोम. पाणी पीत नाही."

मिस्त्रींचं म्हणणं बरोबर आहे. सूत ओलावा शोषून धरतं, आणि थंड पत्र्याला दव सुटतंच. हा काळा, बंद पेशींचा (आत पाणी न शिरणारा) नायट्राइल फोम त्या पत्र्याला घट्ट चिकटवला की दवाला जागाच उरत नाही. काचांना आतून फोमचे कापलेले तुकडे, रात्रीपुरते. चादरी मात्र वाया गेल्या नाहीत. ड्रायव्हरची केबिन आणि झोपायची जागा यांच्यामध्ये काकूंनी दोन चादरी जोडून पडदा शिवलाय. समोरची मोठी काच सगळ्यात जास्त ऊब खाते, तिला असं वेगळं काढलं की हीटरचं काम बरंच हलकं होतं.

(दृश्य: पहाट. गॅरेजबाहेर गाडी. हीटर पहिल्यांदा सुरू होतो. पंपाची टिकटिक.)

सोलापुरात मे महिन्यात हीटर तपासायचा कसा? थर्मोस्टॅटवर ठेवला तर गाडीत आधीच ३० अंश, हीटर लगेच सगळ्यात मंद होऊन बसतो. म्हणून पहाटे पाचला, दारं सताड उघडी टाकून, तापमानाऐवजी पंपाच्या वेगावर चालवला. सुरुवातीला पांढरा धूर, मग धूर दिसेनासा. मिस्त्रींनी प्रत्येक जोडाजवळ हात फिरवून पाहिला, डिझेलची नळी कुठे पाझरते का ते कागद लावून पाहिलं. बंद करताना बॅटरीचा स्विच काढायचा नाही. बटण दाबलं की पंखा चार-पाच मिनिटं चालू राहतो, ठोकळा गार करतो. मध्येच वीज तोडली तर आतले भाग भाजून निघतात. हे काकूंनी कागदावर लिहून बटणाशेजारी चिकटवलं.

इथे एक गोष्ट तपासता येत नाही, ती म्हणजे उंची. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. लेह ३,५०० मीटर, तिथे हवेचा दाब इथल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. पँगाँगला त्याहून कमी. डिझेल तेवढंच आणि हवा विरळ, म्हणजे पुन्हा काजळी. काही हीटरमध्ये उंचीप्रमाणे जुळवून घेणारा सेन्सर असतो. घेताना विचारायचा प्रश्न हाच. नसेल तर पंपाचा वेग हातानं कमी करता येतो का ते बघायचं. महाबळेश्वरला जाऊन पाहू, असं काका म्हणत होते. पण ते साधारण १,४०० मीटर, तिथे फरक जेमतेम जाणवेल. सुटा ग्लो प्लग, त्याची जाळी आणि डिझेल फिल्टर बरोबर घेतलेत.

डिझेलचंही तसंच. इथलं साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला साधं चालून जाईल, पण मुक्काम लांबला तर टाकी त्या डिझेलनंच भरायची.

कागदपत्रांचं काम समांतर चाललंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतल्या बदलांना आरटीओची परवानगी लागते. विमा कंपनीलाही कळवलंय.

(दृश्य: पलंगाच्या उशाशी काकू कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म धरून उभ्या.)

हीटर बंदिस्त आहे, मग अलार्म कशाला? कारण नळ्या हलतात. लडाखच्या रस्त्यावर गाडी दिवसभर आदळते, क्लिप सैल होते, सायलेन्सरला तडा जातो. शिवाय आपली गाडी नीट असली तरी शेजारी लावलेल्या ट्रकचं इंजिन रात्रभर चालू असू शकतं.

तिथे आणखी एक धोका आहे. उंचीवर पोचल्यावर डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. कार्बन मोनॉक्साइडची सुरुवातही नेमकी अशीच होते. विरळ हवा बाधली असेल असं समजून माणूस पांघरूण ओढून पडून राहतो. म्हणून काका-काकूंनी ठरवलंय: गाडीत कुणाचंही डोकं दुखू लागलं की आधी हीटर बंद, दारं उघडी आणि दोघंही बाहेर. कारण काय ते मग बघायचं. बाहेर मोकळ्या हवेत बरं वाटलं तर शंका हीटरवर, पण वाटलं नाही तरी नळ्या तपासल्याशिवाय तो पुन्हा लावायचा नाही. बरं वाटलं नाही तर उंची उतरायला लागायचं.

अलार्म दोन घेतलेत. एक उशाच्या उंचीवर, एक हीटरच्या बाजूच्या भिंतीवर. या अलार्मच्या सेन्सरचं आयुष्य ठराविक वर्षांचं असतं, त्यानंतर तो हिरवा दिवा दाखवत राहिला तरी खरा नसतो. काकूंनी चष्मा लावून दोन्हींची मागची बाजू वाचली. एकावर तारीख छापलेली आहे. दुसऱ्यावर काहीच नाही. तो त्याच दिवशी दुकानात परत गेला, आणि तारीख असलेला नवा येईपर्यंत मिस्त्रींनी भिंतीवरची ती जागा रिकामी ठेवली आहे.