चांद्याच्या भिंतीवरून

(दृश्य: जटपुरा दरवाजा, सकाळची वेळ. कमानीखालून वाहनांची ये-जा.)

चांद्याचा जटपुरा दरवाजा. सकाळचे आठ-साडेआठ झाले आहेत. कमानीखालून ऑटो, दुचाक्या, भाजीच्या हातगाड्या एकमेकींना घासून आत-बाहेर करताहेत. या गर्दीच्या कडेला, रस्ता सोडून, काही बाया आणि पुरुष माना वर करून उभे आहेत. मूल तालुक्यातल्या एका गावची ही मंडळी. धानाची मळणी आटोपली, हातात चार दिवस मोकळे आले, आणि बचत गटाच्या बायांनी ठरवलं की यंदा लांबच्या देवाला न जाता चांदा पाहायचा. गाडी ठरवली तीही बायांनीच. पुरुषमंडळी मागून तयार झाली.

चांदा यांना नवा नाही. जिल्हा परिषद चांद्याला, कोर्ट चांद्याला, मोठा दवाखाना चांद्याला. शहराचं नाव १९६४ साली चंद्रपूर झालं, तरी गावात आजही माणूस ‘चांद्याले जातो’ असंच सांगून घराबाहेर पडतो. चिचपल्लीचं जंगल ओलांडून यांतला प्रत्येक जण इथं कितीदा तरी आला असेल. पण येणं कामासाठी. हातात फाईल, नाही तर आजाऱ्याचा डबा, आणि डोळा परतीच्या एसटीवर. अशा माणसाला कमान दिसते, कमानीवरचं काही दिसत नाही.

आज सोबत वाटाड्या आहे. याच शहरातला, तिशीतला तरुण. तो सगळ्यांना दोन पावलं मागे घेतो आणि वर बोट दाखवतो.

(दृश्य: दरवाज्यावरचं शिल्प, जवळून.)

हत्तीवर चढलेला सिंह. हत्तीच्या मानाने सिंह मोठा, त्याचा पंजा हत्तीवर रोवलेला. हे गोंड राजांचं राजचिन्ह. या शहरातल्या दरवाज्यांवर, आणि चांद्याच्या राजांनी बांधलेल्या इतर किल्ल्यांवरही, ते दिसतं. मंडळीत एक गोंड आजोबा आहेत, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. ते बराच वेळ वर पाहत राहतात आणि शेजारच्या नातवाला म्हणतात, “हे आपलं हाय, बापू. नीट पाहून घे.”

या शहराबद्दल पहिली गोष्ट हीच सांगायला हवी. चांदा कुणा दूरच्या बादशहानं वसवला नाही. या जंगलातल्या, या नद्यांकाठच्या गोंड राजांनी तो वसवला. आधी त्यांची राजधानी सिरपूरला होती, मग वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला आली, आणि पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहाच्या काळात तिचा ओढा इकडे वळला.

ती कथा वाटाड्या इथंच, दरवाज्याच्या सावलीत सांगतो. राजाच्या अंगावर गाठी आल्या होत्या, काही केल्या बऱ्या होईनात. शिकारीला निघालेला राजा तहानला आणि झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खड्ड्यातलं पाणी प्यायला, त्याच पाण्यानं हातपाय धुतले. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि अंगावरच्या गाठी उतरल्या. मग एक दिवस त्याच परिसरात त्यानं पाहिलं की ससा पुढे पळायचा सोडून त्याच्याच कुत्र्याच्या मागे लागला आहे. कुत्रा वेडीवाकडी वळणं घेत पळाला, ससा मागे. शेवटी कुत्र्यानं उलटून सशाला मारलं. राणी शहाणी होती. ती म्हणाली, हा शुभशकुन आहे. ज्या वाटेनं ही पळापळ झाली त्या वाटेनं कोट बांधा, आत शहर वसवा.

बाया हसतात. एक जण विचारते, “म्हणून भिंत अशी वाकडीतिकडी हाय का जी?”

दंतकथा ती दंतकथाच. पण भिंतीला वळणं आहेत हे खरं, आणि ती पुरी व्हायला पुढच्या कित्येक राजांच्या कारकिर्दी लागल्या हेही खरं. चार दिशांना चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे पायी माणसांपुरत्या लहान वाटा. त्यांची नावं या शहराच्या तोंडी अजून जशीच्या तशी आहेत: चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, मसान खिडकी, बगड खिडकी.

(दृश्य: कोटाची भिंत. एकामागून एक माणसं वर चढतात.)

आणि आता भिंतीवर. हा भाग घाईत पाहायचा नाही.

वर चालता येईल एवढी रुंद वाट आहे. बाहेरच्या अंगाला चर्या, म्हणजे दातेरी कठडा, आणि त्यांमध्ये जंग्या, शत्रूवर मारा करायला ठेवलेली भोकं. मंडळीतला एक जण गवंडीकाम करतो. तो कुणाचं ऐकत नाही, सरळ भिंतीशी जाऊन बसतो. दोन दगडांच्या सांध्यावर अंगठा फिरवतो. मग गवताची एक काडी तोडून सांध्यात घालून पाहतो. काडी वाकते, आत जात नाही. तो मागे वळून सगळ्यांना बोलावतो, “इकडे या, हे पाहा,” आणि पुढची दहा मिनिटं वाटाड्या गप्प असतो, गवंडी बोलतो. दगड कसा घडवला असेल, कोपरा कसा काढला असेल, एवढा दगड वर कसा चढवला असेल. दोरखंड, बैल, माणसं. “आमच्यासारखीच माणसं ना,” तो म्हणतो.

थोडं पुढे पिंपळाची एक मुळी सांध्यात शिरलेली दिसते. काडी गेली नाही तिथं मुळी गेली आहे, आणि तिनं वरचा दगड बोटभर बाजूला सारला आहे.

काही वर्षांपूर्वी ही सगळी भिंत अशीच होती. झाडं, झुडपं, काटे, कचरा. बुरूज ओळखू येत नव्हते. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत नाव असलं तरी झुडूप यादी वाचत नाही. २०१७ साली इको-प्रो या इथल्याच संस्थेच्या तरुणांनी हातात कुऱ्हाडी, विळे, टोपल्या घेतल्या आणि रोज सकाळी भिंत साफ करायला सुरुवात केली. सलग दोनशे दिवसांच्या या कामाचा उल्लेख त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये केला. त्यानंतरही काम थांबलं नाही. आज या बाया पातळाचा काष्टा न सावरता भिंतीवरून चालू शकतात, त्यामागे त्या मुलांच्या हाताचे फोड आहेत. अशा कामाचं मोल पैशात होत नाही, आणि आम्हाला ते या चित्रफितीत ठळकपणे सांगायचं होतं.

भिंतीवरून रामाळा तलावाची गोष्ट निघते. शहराच्या पोटातला हा गोंडकालीन तलाव. तलाव म्हटलं की गावची माणसं लगेच बोलती होतात, कारण तलाव त्यांच्या रोजच्या जगण्यातला. पूर्व विदर्भातलं धान तलावावर उभं आहे. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते गावोगाव आहेत. आणि चांद्याच्या हीरशहा या गोंड राजाची आठवण अशी सांगतात की त्यानं दवंडी दिली: जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. जंगल तोडून वावर करणाऱ्यालाही जमीन. राजधानीत दगडी कोट उभा राहत होता, आणि तिकडे गावांत माणसं तलावाची पाळ घालत होती. कोटाला लागणारा दाणागोटा त्या पाळीखालच्या बांध्यांतून आला. म्हणून गावच्या माणसानं चांदा पाहताना पाहुण्यासारखं संकोचून पाहू नये. त्याच्या पणज्याच्या पणज्याचं धान या भिंतीत आहे.

(दृश्य: जिल्हा कारागृहाबाहेरचा रस्ता.)

कारागृहापाशी गाडी फार वेळ थांबत नाही. मंडळी बाहेरूनच हात जोडतात. आतल्या पिंपळाच्या झाडावर २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव पुल्लेसुर शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिलं. मोलमपल्लीचा हा तरुण जमीनदार. अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीत त्यानं गोंड, माडिया, रोहिल्यांची फौज उभारली आणि अहेरी-राजगडच्या बाजूला इंग्रजांना हैराण करून सोडलं. इंग्रजांनी चांदा घेतला होता १८१८ च्या मे महिन्यात. म्हणजे चाळीस वर्षांनीही हा मुलूख निमूट बसला नव्हता. दरवर्षी २१ ऑक्टोबरला गडचिरोली-चंद्रपुरातून माणसं इथं येतात. आजोबांनी नातवाला तारीख पाठ म्हणायला लावली. दोनदा.

(दृश्य: अंचलेश्वर दरवाजा, राजांच्या समाध्या.)

अंचलेश्वर. जिथं राजाच्या अंगावरच्या गाठी उतरल्या ती ही जागा, असं मानतात. महादेवाच्या देवळाला लागूनच गोंड राजांच्या समाध्या आहेत, आणि त्यांत सगळ्यांत भव्य ती बीरशहाची. घुमट, कमानी, दगडाचं देखणं काम. ती बांधली त्याच्या राणीनं, हिराईनं.

बीरशहाचा अंत त्याच्याच लग्नसमारंभात झाला. दुसऱ्या लग्नाच्या वेळी त्याच्याच पदरच्या माणसानं त्याला मारलं. गादीला मुलगा नव्हता. हिराईनं चंदनखेड्याच्या नातलगांतला रामशहा दत्तक घेतला, तो लहान होता म्हणून कारभार स्वतःच्या हाती घेतला, आणि राज्य मोडू दिलं नाही. नवऱ्याची समाधी तिनं बांधली आणि महाकालीचं आजचं देऊळही तिनंच बांधलं. पुष्कळ लोक या समाधीला चांद्याचा ताजमहाल म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. हिराईला कुणाची उपमा कशाला हवी? दुसऱ्या लग्नाच्या मांडवात मेलेल्या नवऱ्याचं नाव तिनं दगडात राखलं, आणि वर राज्य चालवलं.

बचत गटाच्या अध्यक्ष असलेल्या काकू समाधीच्या ओट्यावर टेकतात आणि विचारतात, “तिचं स्वतःचं नाव कुठं लिवलं हाय?” वाटाड्या म्हणतो, “काकू, महाकालीले येणारा माणूस तिच्याच देवळात येते.” काकूंना हे उत्तर पुरेसं वाटत नाही, आणि त्या तसं तोंडावर सांगतात.

(दृश्य: महाकाली मंदिर, झरपटचा काठ.)

महाकालीला नारळ फुटतात, ओट्या भरल्या जातात. चैत्रात इथं मोठी यात्रा भरते. नांदेडकडून, मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसं पोतराजांसह, डफांसह येतात. देवळाच्या शिखराशी दगडातलं एक मुंडकं आहे, त्याचीही कथा आहे. देवगडच्या गोंड राजघराण्यातल्या दुर्गशहाला बीरशहानं आपली मुलगी दिली होती. जावयानं तिचा अपमान केला. बापानं शपथ घेतली, जावयाचं शीर महाकालीला वाहीन, आणि युद्ध करून ती खरी केली. त्या शिराची ही प्रतिमा, देवगडच्या दिशेला तोंड केलेली, असं सांगतात. मुलीच्या अपमानाची गोष्ट म्हटल्यावर बायांनी ती पुन्हा सांगायला लावली.

झरपट मात्र पाहवत नाही. पात्रात जलपर्णीचा हिरवा थर आणि शहराचं सांडपाणी. ज्या नदीच्या खड्डाभर पाण्यानं राजाचं अंग बरं झालं म्हणतात, तिच्यात आज पाय घालायला माणूस धजत नाही. चैत्रात याच पाण्याशी लाखोंची श्रद्धा येऊन उभी राहते. भिंतीला हात लागले तसे नदीला लागायला हवेत, आणि हे काम स्वयंसेवकांच्या विळ्या-टोपल्यांनी होणारं नाही. नाल्यांचं पाणी नदीत पडण्याआधी साफ व्हायला हवं, ते शहराच्या कारभाराचं काम आहे.

झाडाखाली पंगत बसते. पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, ठेचा, आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. वाटाड्याच्या पानात प्रत्येकीचा एक वडा पडतो.

दुपारनंतर लालपेठ. कोळशाच्या खाणींच्या या भागात उघड्यावर प्रचंड एकपाषाणी मूर्ती पडून आहेत. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्यानं मोठं देवालय बांधायचं मनावर घेतलं, मूर्ती घडवल्या, आणि देवालय उभं राहण्याआधी तो गेला. दशमुखी दुर्गा तेव्हापासून जमिनीवर उताणी आहे, दहा तोंडं पाहून लोक तिला रावणच समजत आले. मग पठाणपुरा दरवाजा. इरई नदीला पूर आला की याच्या बाहेर पाणी चढतं आणि रस्ता बंद होतो.

(दृश्य: दीक्षाभूमी.)

शेवटचा थांबा कोटाबाहेरचा. नागपूरची १४ ऑक्टोबर १९५६ सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले आणि इथंही त्यांनी हजारोंना धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्यात पुढाकार होता. मंडळीतल्या एका आजींचे वडील त्या दिवशी इथं होते. “बंडी जुंपून आले होते. दोन मुक्काम केले वाटेत. घरी आले त देव्हाऱ्यातले सारे देव काढले, नदीत सोडून आले. माय रडली. मंग तिनंच भीत सारवून बाबासाहेबाचा फोटो लावला.” आजी हे सांगत असताना सकाळपासून मोबाईलवर असलेली दोन पोरंही फोन खिशात घालतात.

(दृश्य: परतीची गाडी. आत कालवा.)

गाडीत वाद पेटला आहे. आजोबांचं म्हणणं, पुढच्या वेळी बल्लारपूर. राजा जिथून आला तो वर्धेकाठचा किल्ला आधी पाहायचा. बायांना भद्रावती हवी आहे. एकाच गावात भद्रनागाचं देऊळ, जैनांचं मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी. गवंड्याला कुठंही चालेल, दगड पाहिजे. हात वर करून मोजणी होते, भद्रावती जिंकते. काकू वहीत लिहून घेतात: माणशी किती, गाडी कुणाची, जेवण कुणाकडं. आणि महिना फेब्रुवारी, कारण मार्च लागला की चांद्याकडच्या उन्हात दगडावर पाय ठेवणं होत नाही.