तीच ओळ पुन्हा: सिलिंडर फोनोग्राफची ओळख आणि दुरुस्ती

(दृश्य: लाकडी पेटी, वर काळं यंत्र. चावी दिली जाते. मेणाचा सिलिंडर फिरू लागतो.)

ऐका. गाण्याची पहिली ओळ आली. आता दुसरी यायला हवी, पण पुन्हा पहिलीच आली. आणि पुन्हा तीच.

असं झालं की पहिला संशय सिलिंडरवर जातो. मेणावर चरा पडला असेल म्हणून लोक त्यावर बोट फिरवून बघतात. कृपा करून तसं करू नका. आधी यंत्राकडे बघा.

तबकडीच्या ग्रामोफोनमध्ये सुईला खाचच पुढे ओढून नेते. एडिसनच्या सिलिंडर फोनोग्राफमध्ये ते काम आट्यांच्या दांड्याकडे असतं. सिलिंडर ज्या निमुळत्या नळीवर बसतो, तिच्याबरोबर हा दांडाही फिरतो. त्यावर एका इंचात 100 आटे. या आट्यांवर एक छोटा अर्धा नट टेकलेला असतो आणि तोच आवाजाची डबी, म्हणजे रिप्रोड्यूसर, सावकाश पुढे सरकवत नेतो. नटाचे दात झिजले, त्याला दाबणारी पातळ स्प्रिंग सैल पडली किंवा आट्यांत जुनं तेल चिकटून सुकलं, की नट घसरतो. डबी जागच्या जागी राहते आणि तीच ओळ ऐकू येत राहते.

(दृश्य: दांड्याचे आटे, अगदी जवळून. एक सुती दोरा.)

नट बदलण्याआधी हे करून बघा. रिप्रोड्यूसर काढून ठेवा, सुती दोऱ्याला जरासं रॉकेल लावा आणि तो फिरत्या दांड्याच्या आट्यांत हलकेच धरा. दोरा आपोआप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो आणि काळाभोर होऊन बाहेर येतो. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. मात्र काळ्या रंगावरच्या सोनेरी रेघांवर स्पिरिट लागू देऊ नका. एकदा पुसल्या गेल्या की मूळच्या त्या रेघा परत येत नाहीत.

आता रिप्रोड्यूसर हातात घ्या. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. सुरुवातीचे सिलिंडर दोन मिनिटांचे, इंचाला 100 खाचांचे. 1908 साली चार मिनिटांचा अँबेरॉल आला, त्यावर इंचाला 200 खाचा. म्हणजे प्रत्येक खाच निम्म्या रुंदीची. डबीवर कोरलेलं अक्षर वाचा. सी असेल तर दोन मिनिटांची, एच असेल तर चार मिनिटांची, के असेल तर टोक फिरवून दोन्हींसाठी चालणारी. सी डबी अँबेरॉलवर ठेवली तर तिचं जाड टोक खाचा चिरडत जातं. यंत्राला काहीच होत नाही, पण शंभर वर्षं टिकलेला आवाज तेवढ्यात पुसला जातो.

हे टोक नीलमाचं असतं. भिंगाखाली ते गुळगुळीत, चकचकीत दिसायला हवं. कडेला टवका उडालेला दिसला तर ती डबी कुठल्याच सिलिंडरवर ठेवू नका.

आवाज चिरका, खरखरीत येत असेल तर डबी उघडा. आत अभ्रकाचा किंवा तांब्याचा पातळ पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रबराची कडी असते. रबर इतक्या वर्षांत दगडासारखं कडक होतं आणि पडद्याला मोकळेपणाने थरथरू देत नाही. नवं मऊ रबर घाला. पडद्याला टोकाच्या दांडीशी जोडणारा बारीक आकडा मात्र सांभाळा. खालचं वजन बिजागरीवर अगदी सैल डोललं पाहिजे. तिथे गोंद नको आणि जाड ग्रीसही नको.

मोटरबद्दल थोडक्यात. पेटीतून काही सोडवण्याआधी मुख्य स्प्रिंगची चावी पूर्ण उतरू द्या. ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फोडते. चालताना मधूनच धपकन आवाज येत असेल, तर स्प्रिंगचे वेढे सुकलेल्या ग्रीसने एकमेकांना चिकटलेत असं समजा. गव्हर्नर, म्हणजे वेग एकसारखा ठेवणारा भाग, कर्कश ओरडत असेल, तर चकतीला घासणाऱ्या कातड्यावर तेलाचा एक थेंब पुरतो.

(दृश्य: सिलिंडरच्या कडेखाली कागदाची चिठ्ठी. शेजारी घड्याळ.)

शेवटी वेग. सिलिंडर बाहेरून मुठीत धरू नका. हाताच्या उबेनेही थंड मेण तडकू शकतं. दोन बोटं आत घालून, ती जराशी फाकवून उचला आणि नळीवर सरकवा. कडेला कागदाची चिठ्ठी अडकवा आणि मोजा. मिनिटाला 160 फेरे, म्हणजे पंधरा सेकंदांत 40. कमी भरले तर वेगाचा स्क्रू जरासा फिरवा आणि पुन्हा मोजा.

अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

डबी अलगद खाली टेकते. पहिली ओळ येते.

आणि मग, दुसरी.