आवर घालणाऱ्या पेशी

श्रोतेहो, नमस्कार.

मूत्रपिंड बदललेल्या माणसाचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. सकाळी ठरल्या वेळी गोळ्या, संध्याकाळी पुन्हा गोळ्या, आणि हे जन्मभर. कारण दुसऱ्याकडून आलेला अवयव आपली रोगप्रतिकारशक्ती सहजासहजी आपला मानत नाही.

डॉ. जोसेफ मरे यांनी 1954 साली बॉस्टनमध्ये मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. तिथे परकेपणाचा प्रश्नच नव्हता. इतरांची वाट सोपी झाली ती सायक्लोस्पोरिनसारखी औषधं आल्यावर. पण ही औषधं प्रतिकारशक्तीला सरसकट दाबतात. संसर्ग वाढतात, कर्करोगाचा धोका वाढतो. आणि ज्या मूत्रपिंडासाठी हा खटाटोप, त्यालाच सायक्लोस्पोरिन हळूहळू इजा करतं!

मग आवर घालायचं काम शरीराकडेच सोपवलं तर? तशा पेशी आपल्या रक्तात असतातच. जपानचे शिमोन साकागुची यांनी 1995 साली त्या दाखवून दिल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी 2001 साली फॉक्सपी-3 हे जनुक शोधलं. या पेशींची सूत्रं त्याच्याच हाती असतात, हे पुढे कळलं. 2025 चं नोबेल या तिघांना मिळालं. डॉक्टर या पेशींना ‘टी-रेग’ म्हणतात. इतर पेशी हल्ल्याला निघाल्या की या त्यांना थोपवतात.

उपचाराची रीत ऐकायला साधी आहे. रुग्णाचं रक्त घ्यायचं, टी-रेग वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि शिरेतून परत द्यायच्या. अडचण पुढे येते. टी-रेग इंटरल्यूकिन-2 या रसायनावर जगतात, पण त्या ते स्वतः बनवत नाहीत. शेजारच्या पेशींकडून मिळवतात. आणि सायक्लोस्पोरिन आणि त्याच्याच जातीचं टॅक्रोलिमस ही औषधं नेमकं त्याचंच उत्पादन घटवतात. म्हणजे पाहुणीला घरी बोलवायचं आणि स्वयंपाकघराला कुलूप लावायचं!

तरीही 2020 साली प्रसिद्ध झालेले ‘वन स्टडी’ या चाचणीचे निकाल मला मोलाचे वाटतात. त्यात मूत्रपिंड बदललेल्या 38 रुग्णांना टी-रेग किंवा तशाच नियामक पेशी दिल्या होत्या. अवयव नाकारला जाण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचाराइतकंच राहिलं, संसर्ग मात्र कमी झाले, आणि 15 जणांचं एकाच प्रतिकारशामक औषधावर भागलं. जपानमध्ये यकृत बदललेल्या 10 जणांपैकी 7 जणांची अशी औषधं पूर्ण सुटली. अर्थात यकृत मुळातच समजूतदार अवयव. मूत्रपिंडाकडून लगेच तेवढी अपेक्षा नको.

आता जनुकीय बदल करून, दात्याच्या पेशींवरची खूण ओळखणाऱ्या टी-रेग तयार होत आहेत. मूत्रपिंडाच्या रुग्णाला अशा पेशी पहिल्यांदा 2022 मध्ये दिल्या गेल्या. त्या थेट नव्या अवयवापाशी जाऊन बसाव्यात, बाकी शरीराची राखण चालू राहावी, असा हेतू आहे. एक भीती मात्र आहे: फॉक्सपी-3 मंदावलं, तर हीच पेशी हल्लेखोर होऊ शकते.

आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना एक विनंती. हे ऐकून गोळ्या परस्पर कमी करू नका. या चाचण्यांतही औषध एकदम बंद करत नाहीत. थोडं कमी करायचं, रक्त तपासायचं, शंका आली तर अवयवाचा तुकडा काढून पाहायचा, आणि मगच पुढची पायरी. त्यात कितीतरी महिने जातात.

नमस्कार.