आधी कॉईन, मग स्क्रीन

(कोल्हापुरात फौंड्री प्रयोगशाळेच्या नव्या प्रशिक्षणार्थींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मित्रांनो, मैत्रिणींनो,

तुमच्यातले बरेच जण रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून आलेत, काही जण मेटलर्जीचा डिप्लोमा करून. थोड्याच दिवसांत शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीच्या लॅबमध्ये तुम्ही उभे असाल. भट्टीवरचा माणूस कॉईन, म्हणजे भट्टीतल्या लोखंडाची नमुन्यासाठी ओतलेली छोटी चकती, आणून देईल आणि दारातच थांबेल. भट्टीत लोखंड तयार, पुढं साच्यांची रांग लागलेली, विजेचं मीटर पळतंय. स्पेक्ट्रोमीटर कॉईनवर स्पार्क पाडून, त्याच्या प्रकाशावरून, मिनिटाच्या आत कार्बनपासून मॅग्नेशियमपर्यंतचे आकडे देतो, त्यामुळं सगळ्यांचे डोळे स्क्रीनवर खिळलेले असतात. माझं सांगणं एवढंच, की शिकायला स्क्रीनपासून सुरुवात करू नका. चुकीचा आकडा बहुतेक वेळा यंत्रात शिरायच्या आधीच तयार झालेला असतो.

स्पार्कचा डाग असतो पाच-सहा मिलिमीटरचा आणि त्यावरून आपण ५०० किलो लोखंडाबद्दल बोलतो. म्हणून ते कॉईन कसं ओतलं, हे कळलंच पाहिजे. राखाडी बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात मोकळा बसलेला असतो. स्पार्कखाली लोखंड आणि ग्रॅफाइट सारख्या प्रमाणात उडत नाहीत, त्यामुळं कार्बनचं रीडिंग हलतं, बहुधा कमी येतं. यावर उपाय म्हणजे चिल, झटक्यात गार करणं. तांब्याच्या साच्यात पातळ चकती ओतली की लोखंड झटक्यात गोठतं, ग्रॅफाइट बनायला वेळ मिळत नाही आणि सगळा कार्बन सिमेंटाइटमध्ये, म्हणजे लोखंड-कार्बनच्या संयुगात, अडकून राहतो. कॉईन मोडून बघा. मोड आरपार चांदीसारखा पांढरा हवा. मधोमध राखाडी छटा दिसली तर ते कॉईन स्पार्कला लावूच नका, दुसरं मागवा.

चिल कमी का पडते? एकामागून एक सॅम्पल ओतून साचा तापलेला असतो. चकती जाड झालेली असते. किंवा चमच्यात स्लॅग, म्हणजे वितळलेल्या लोखंडावरची मळी, आलेला असतो. साच्यात ओल राहिली तर आत पोकळ्या पडतात, आणि हे आपल्याकडच्या पावसाळ्यात सारखं घडतं. लाल कॉईन एकदम पाण्यात टाकलं तर तडा जातो. त्या तड्यातून स्पार्कभोवतीचा आर्गॉन वायू निसटतो आणि बर्न, म्हणजे एका वेळचा स्पार्क, बिघडतो.

आता ही चूक कुठवर जाते ते बघा. एफजी २६० चं, म्हणजे किमान २६० मेगापास्कल ताकदीच्या राखाडी बिडाचं, काम आहे. खरा कार्बन ३.३०, सिलिकॉन १.९०, फॉस्फरस ०.०६. कार्बन इक्विव्हॅलंट म्हणजे कार्बनमध्ये सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवायचा. तो इथं ३.९५ येतो. राखाडी कॉईनमुळं तुम्ही कार्बन ३.१५ सांगितला. भट्टीवाल्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला आणि ०.१५ टक्के कार्बन भरून काढला, म्हणजे ५०० किलोला पाऊण किलो. खरा कार्बन झाला ३.४५, इक्विव्हॅलंट ४.१०. ग्रॅफाइट जाड पडणार, ताकद उतरणार. यंत्र बरोबर, भट्टीवाला बरोबर, आणि तरी कास्टिंग नापास.

कॉईन घासताना पट्टा झिजलेला नको. घासलेल्या तोंडाला बोट लावायचं नाही, पाणी-तेल लागू द्यायचं नाही. ॲल्युमिनियम मोजायचं असेल तर ॲल्युमिनाच्या कागदावर घासू नका, त्याचे कण पृष्ठभागात रुततात. प्रत्येक बर्ननंतर इलेक्ट्रोड ब्रशनं साफ करायचा. डाग एकमेकांवर चढवायचे नाहीत. निदान तीन बर्न घ्या आणि आकड्याआधी डाग बघा. मधोमध राखाडी, खरबरीत गाभा आणि भोवती काळं वलय असेल तर बर्न चांगला. पांढुरका, पसरट डाग पडला तर हवा शिरली किंवा आर्गॉन खराब आहे. कार्बनची रेषा १९३ नॅनोमीटरला, फॉस्फरस आणि गंधकाच्या रेषा १८० च्या आसपास. हा प्रकाश हवा गिळते, म्हणून तर आर्गॉन किंवा व्हॅक्यूम लागतं. ९९.९९९ टक्के शुद्धतेचा वायू घ्या, सिलिंडर तळाला जाईपर्यंत वापरू नका. बदलल्यावर लाईन नीट फ्लश करा आणि प्रमाणित नमुना लावून आकडा जुळल्याशिवाय हीटचं, म्हणजे भट्टीच्या घाण्याचं, सॅम्पल घेऊ नका.

कार्बनबद्दल वाद झाला तर ज्वलन पद्धतीनं, म्हणजे नमुना जाळून निघणारा वायू मोजून, तपासतात. तिथंही गंमत तीच. राखाडी बिडाला ड्रिल मारून चुरा घेतला तर ग्रॅफाइटची भुकटी वेगळी होऊन उडते. पांढऱ्या कॉईनचाच तुकडा तोडून घ्यावा.

ब्रिनेलकडं, म्हणजे गोळा दाबून कठीणता मोजण्याच्या चाचणीकडं, येऊ. बिडासाठी १० मिलिमीटरचा टंगस्टन कार्बाइडचा गोळा, ३००० किलो भार, १० ते १५ सेकंद धरून ठेवायचा. खळ्याचा व्यास ४.०० मिलिमीटर आला तर कठीणता २२९. ४.१० वाचलात तर २१७. मिलिमीटरच्या दहाव्या भागात बारा अंक गेले! म्हणून एकमेकांना काटकोनात दोन व्यास मोजून सरासरी घ्या. ओतीव कातडीवर खळा मारू नका, तो थर ग्राइंड करून काढा. खळ्याचं केंद्र कडेपासून व्यासाच्या अडीच पट, दुसऱ्या खळ्यापासून तीन पट लांब हवं. खालून जॉब डुलत असेल तर आकडा लिहूच नये.

टेन्साइलमध्ये, म्हणजे बार ओढून तोडायच्या चाचणीत, लोक यूटीएमला (ओढणाऱ्या यंत्राला) दोष देतात आणि मायक्रोमीटर विसरतात. ३० मिलिमीटरचा ओतलेला बार टर्न करून २० मिलिमीटरचा केला. तो ८१ किलोन्यूटनला तुटला. २०.०० व्यास धरला तर २५८ मेगापास्कल, एफजी २६० ला नापास. टर्नरनं प्रत्यक्षात १९.८० केला असेल तर तोच बार २६३ ला पास. तीन ठिकाणी मोजा, सर्वांत कमी व्यास धरा, टूलच्या खुणा राहू देऊ नका. बीड वाकणं सोसत नाही. बार जबड्यात तिरका धरला तर तो ओढून तुटत नाही, वाकून तुटतो, आणि आकडा उगाच कमी येतो. एसजी ५००/७ ला (गोल ग्रॅफाइटचं बीड, ५०० मेगापास्कल ताकद, ७ टक्के लांबण) १० मिलिमीटरच्या बारवर ५० मिलिमीटर गेज लेंग्थ खुणा करून घ्या. तुटल्यावर दोन्ही तुकडे घट्ट जुळवून लांबी मोजायची. हा बार ४० किलोन्यूटनच्या आसपास तुटतो, तेव्हा ४०० किलोन्यूटनची रेंज लावून बसू नका, खालची रेंज घ्या.

मायक्रोस्ट्रक्चरबद्दल, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रचनेबद्दल, थोडक्यात. दर कागदाला नमुना ९० अंशांत फिरवा, आधीचे ओरखडे गेल्याशिवाय पुढच्या कागदावर जाऊ नका. ग्रॅफाइट इच न करता (आम्ल न लावता) १०० पटीत बघायचं, नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल, त्यानंतर. पॉलिशिंगला जोर लावला की ग्रॅफाइट उखडून येतं आणि खड्ड्यालाच तुम्ही नोड्यूल, म्हणजे ग्रॅफाइटची गोळी, समजता.

आता लॅबमध्ये चला. टेबलावर एकाच लॅडलमधली दोन कॉईन ठेवली आहेत, एक थंड साच्यातलं, एक मुद्दाम तापवलेल्या साच्यातलं. कोणतं कोणतं ते सांगणार नाही. दोन्हींवर तीन-तीन बर्न घ्या, कार्बनची सहा रीडिंग वहीत लिहा, डाग कसे दिसले तेही लिहा, आणि मगच कॉईन मोडून बघा.