नको म्हटलेली इमारत : लष्करी बांधकामं आणि त्यांचं व्यवस्थापन

(दृश्य : रखरखीत पठार. सपाट छपराची लांबलचक इमारत. खिडकी एकही नाही.)

अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतात कॅम्प लेदरनेक नावाचा अमेरिकी मरीन दलाचा तळ होता. तिथं ६४ हजार चौरस फुटांचं एक मुख्यालय बांधलं गेलं. खर्च सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर. युद्धसंचालनाची दालनं, वातानुकूलन, नवंकोरं फर्निचर, सगळं जागच्या जागी. ज्यांच्यासाठी ही इमारत बांधली, ते मात्र तिथं कधीच कामाला बसले नाहीत.

ही चूक बांधून झाल्यावर कळली असंही नाही. मे २०१० मध्येच तिथल्या मरीन अधिकाऱ्यांनी कळवलं होतं, की ही इमारत आम्हाला नको, आहे त्यात आमचं भागतंय. वरिष्ठांकडं उत्तर तयार होतं : संसदेनं या कामाला पैसा मंजूर केलाय, आता ते रद्द करणं योग्य नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये कंत्राट निघालं. पुढं अमेरिकी सरकारच्याच महानिरीक्षकांनी हा सगळा कागदोपत्री प्रवास उघड केला. तो वाचताना संताप येतो. ज्याला इमारत वापरायची आहे तोच नको म्हणतोय, आणि थांबवायची ताकद कुणाच्याच हातात नाही!

लष्करी बांधकाम म्हटलं, की बंकर, बोगदे, धावपट्ट्या डोळ्यांसमोर येतात. या कामांचं व्यवस्थापन मात्र वेगळ्याच प्रश्नांभोवती फिरतं. गरज कुणी सांगायची, ती कोणत्या दिवसानंतर बदलायची नाही, आणि परिस्थिती पालटली तर काम थांबवा असं कुणी म्हणायचं?

(दृश्य : अर्धवट उभं राहिलेलं हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड. नकाशावर झुकलेली दोन माणसं.)

इथं वापरणारा एक, पैसा देणारा दुसरा, बांधून घेणारा तिसरा आणि बांधणारा चौथा. तळावरचा अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. प्रकल्प पाच-सात वर्षं चालतो. नवा अधिकारी येतो, नकाशा उलगडतो आणि त्याला काहीतरी वेगळं हवं असतं.

एक हँगर घ्या. दरवाजाची रुंदी विमानाच्या पंखांवर ठरते. काम निम्मं झाल्यावर कळतं, की इथं दुसऱ्या जातीचं, मोठं विमान येणार आहे. दरवाजा वाढवला, की वरचा ट्रस, म्हणजे छपराचा भार पेलणारा सांगाडा, बदलतो. ट्रसचं वजन वाढलं, की खांब बदलतात, आणि खांब बदलले, की पाया पुरत नाही. जमिनीचा स्लॅब जास्त भाराचा लागतो. त्या स्लॅबखालून केबलचे पाइप टाकून झालेले असतात, ते उकरावे लागतात. कागदावर हा बदल एका ओळीचा असतो. साइटवर तो वाढीव काम, नवे दर, मुदतवाढ आणि शेवटी लवाद अशा वाटेनं जातो.

म्हणून अमेरिकी लष्करी बांधकामात एक जुना संकेत आहे : प्रकल्पाचा आकडा अर्थसंकल्पात जाण्याआधी आराखडा साधारण ३५ टक्के पुढं गेलेला असावा. खांब कुठं, पाया कसला, पाणी आणि वीज कुठून, एवढं ठरल्याशिवाय किमतीला अर्थ नसतो. अनुभवी अभियंते याच टप्प्यावर भांडून घेतात. पुढं भांडण महाग पडतं.

(दृश्य : पेंटॅगॉनचं जुनं कृष्णधवल हवाई छायाचित्र.)

मग घाईची कामं होतच नाहीत का? होतात की. त्यातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पेंटॅगॉन.

जुलै १९४१. अमेरिकेचं युद्धखातं राजधानीत अनेक इमारतींत विखुरलेलं. ब्रिगेडिअर जनरल ब्रेहन सॉमरवेल यांनी गुरुवारी संध्याकाळी हुकूम दिला : सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर आराखडा हवा. ४० हजार माणसं एका छपराखाली बसली पाहिजेत, आणि इमारत बुटकी हवी. वास्तुरचनाकार जॉर्ज बर्गस्ट्रॉम यांच्यासमोरच्या जागेला रस्त्यांमुळं पाच बाजू पडत होत्या, म्हणून आराखडा पाच कोनांचा झाला. पुढं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जागा बदलली. आकार मात्र तोच राहिला.

११ सप्टेंबर १९४१ रोजी काम सुरू झालं. तीन पाळ्यांत हजारो कामगार. लष्कराच्या वतीनं देखरेख कर्नल लेस्ली ग्रोव्ह्ज यांची, ज्यांच्याकडं पुढं अणुबॉम्बचा मॅनहॅटन प्रकल्प गेला. काही वेळा नकाशा कागदावर उतरायच्या आधी काँक्रीट पडलेलं असायचं. युद्धनौकांना पोलाद हवं होतं, म्हणून इथं ते वाचवायचं ठरलं. मजले जोडायला काँक्रीटचे रॅम्प घातले आणि वाळू-खडी शेजारच्या पोटोमॅक नदीतून काढली. एप्रिल १९४२ च्या अखेरीस, बाकीचं काम चालू असतानाच, पहिले कर्मचारी आत येऊन बसले. जानेवारी १९४३ मध्ये, सोळा महिन्यांत, इमारत पूर्ण झाली.

या वेगाची किंमतही सांगितली पाहिजे. सुरुवातीचा अंदाज ३ कोटी ५० लाख डॉलरचा होता. शेवटचा हिशेब ८ कोटी ३० लाखांच्या आसपास गेला. युद्धकाळात तो खपला, शांततेच्या काळात चौकशी बसली असती. तरीही लेदरनेकशी तुलना केली, की फरक दिसतो. इथं गरज एका वाक्यात मावत होती आणि ती सांगणारा माणूस शेवटपर्यंत तिच्यामागं उभा होता.

(दृश्य : गोल गुंडाळलेल्या सळईचा पिंजरा, जवळून.)

या इमारतीच्या खांबांपाशी थोडं थांबू. पेंटॅगॉनच्या कित्येक खांबांत उभ्या सळयांभोवती लोखंड स्प्रिंगसारखं सलग गोल फिरवत नेलेलं आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी, काम सुरू झालं त्याच तारखेला, बरोबर साठ वर्षांनी, अपहरण केलेलं विमान या इमारतीवर आदळलं. कित्येक खांबांवरचं काँक्रीट सोलून निघालं. पण त्या वेटोळ्यांनी आतला गाभा धरून ठेवला, आणि वाकलेल्या खांबांनीही वरचा भार पेलला. विमान आदळलं त्या भागाचं नूतनीकरण नुकतंच संपत आलं होतं. स्फोटरोधक खिडक्या आणि बाहेरच्या भिंतीला पोलादी आधार बसलेले होते. वरचे मजले साधारण अर्धा तास उभे राहिले. तेवढ्या वेळात अनेक माणसं बाहेर पडू शकली.

पुनर्बांधणीला फिनिक्स प्रकल्प असं नाव मिळालं. उद्दिष्ट एकच : वर्षभरात, विमान जिथं आदळलं त्याच बाहेरच्या भागात माणसं पुन्हा कामाला बसली पाहिजेत. साइटवर उलटं मोजणारं घड्याळ लावलं होतं. ऑगस्ट २००२ मध्ये, मुदतीच्या आधीच, कर्मचारी तिथं परतले.

या नूतनीकरणात आराखडा आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडं देण्याची पद्धत वापरली गेली. आधी एकानं पूर्ण नकाशे काढायचे, मग सर्वांत कमी दराच्या निविदेला काम द्यायचं, ही जुनी रीत. त्यात चूक निघाली, की नकाशावाला बांधणाऱ्याकडं बोट दाखवतो आणि बांधणारा नकाशाकडं. एकत्र कंत्राटात हे बोट दाखवणं संपतं. पण मग वापरणाऱ्याला आपली गरज आधीच नेमकी सांगावी लागते, कारण किंमत ठरते तेव्हा पूर्ण नकाशे नसतात. ज्या दलाला आपल्याला काय हवंय हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी ही पद्धत घातक आहे.

(दृश्य : समुद्रानं वेढलेलं प्रवाळ बेट. उन्हात चमकणारी धावपट्टी.)

बांधणारी माणसं कोण, हा प्रश्न लष्करात जिवावरचा होऊ शकतो. डिसेंबर १९४१ मध्ये प्रशांत महासागरातल्या वेक बेटावर अमेरिकी नौदलाचा तळ उभारायचं काम चालू होतं, आणि सुमारे ११०० नागरी कामगार तिथं होते. जपानी सैन्यानं बेट घेतलं. सैनिक नसलेली ही माणसं कैदेत गेली. त्यातल्या मागं ठेवलेल्या ९८ जणांना ऑक्टोबर १९४३ मध्ये ठार करण्यात आलं. नागरी कामगारानं शस्त्र उचललं, तर युद्धकैद्याचं संरक्षणही त्याला मिळेलच असं नाही. ही कोंडी ओळखून ॲडमिरल बेन मोरील यांनी १९४२ च्या सुरुवातीला गवंडी, सुतार, क्रेनचालक, पाणबुडे अशा कसबी माणसांची गणवेशातली पथकं उभी केली. तेच आजचे सीबीज, म्हणजे अमेरिकी नौदलाची बांधकाम पथकं.

इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत पुन्हा फार मोठं काम खासगी कंत्राटदारांकडं गेलं. स्वस्त वाटतं, माणसं लगेच मिळतात. पण गोळीबार सुरू झाला, की काम थांबतं, विमा वाढतो, आणि दुरुस्तीला कोण येणार याचं उत्तर कंत्राटात सापडत नाही. वेकची आठवण निविदेच्या टेबलावर असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : दलदलीत रुतलेला बुलडोझर.)

आता जमीन. १९४२ मध्ये अलास्का महामार्गाचा सुमारे २४०० किलोमीटरचा पहिला मार्ग लष्करी अभियंत्यांनी जेमतेम आठ महिन्यांत खोदला. त्यात जवळपास एक तृतीयांश सैनिक कृष्णवर्णीय पलटणींचे होते. बारमाही गोठलेल्या जमिनीवर आल्यावर नेहमीप्रमाणं बुलडोझरनं वरचा शेवाळाचा थर खरवडला. खालचा बर्फ उघडा पडला, वितळला आणि रस्त्याचा चिखल झाला. मग उमगलं, की शेवाळ तसंच ठेवायचं आणि त्यावर आडवे ओंडके अंथरायचे. शेवाळच बर्फाचं पांघरूण होतं.

हिमालयात अटल बोगद्याच्या वेळी जमिनीनं असाच हिसका दाखवला. सीमा रस्ते संघटनेनं बांधलेला हा बोगदा ९.०२ किलोमीटरचा. त्यातला सेरी नाल्याखालचा ५८७ मीटरचा ठिसूळ पट्टा सर्वांत अवघड गेला. वरून पाणी आणि सैल दगड सतत आत येत. तेवढ्या टप्प्यानं वर्षं खाल्ली. ३ ऑक्टोबर २०२० रोजी बोगदा खुला झाला. अशा कामात जमिनीखाली काय निघेल याचा सगळा धोका कंत्राटदारावर ढकलला, तर तो दर तरी फुगवतो, नाहीतर अर्ध्यावर काम सोडून कोर्टात जातो. दोघांनी धोका वाटून घेणं आणि आधीच्या भूस्तर-पाहणीवर सढळ हातानं खर्च करणं, हेच शेवटी स्वस्त पडतं.

(दृश्य : मॉस्को. अमेरिकी दूतावासाची विटकरी इमारत.)

गुप्ततेचा धडा एका दूतावासानं दिला, पण तो प्रत्येक लष्करी साइटला लागू आहे. मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासाच्या नव्या इमारतीचे काँक्रीटचे तयार भाग सोव्हिएत कारखान्यांत ओतले जात होते. त्यांच्या पोटातच चोरून ऐकण्याची यंत्रणा निघाली. १९८५ मध्ये काम थांबलं. अखेर वरचे दोन मजले पाडून अमेरिकी कामगारांकरवी चार नवे मजले चढवले, आणि इमारत २००० साली वापरात आली.

आज हाच धोका संगणकातून येतो. इमारतीचं त्रिमितीय डिजिटल मॉडेल फार उपयोगाचं आहे. पाइप तुळईला धडकतोय हे साइटवर कळण्याआधी पडद्यावर कळतं. २०१८ च्या मायकेल चक्रीवादळानं फ्लोरिडातला टिंडल हवाई तळ उद्ध्वस्त केला, तेव्हा पुनर्बांधणीत तळाची अशी डिजिटल प्रतिकृतीच करायला घेतली. पण त्या मॉडेलमध्ये प्रत्येक केबल, प्रत्येक झडप, भिंतीची जाडी असते. ते शत्रूच्या हाती पडलं, तर त्याला हेर पाठवायची गरज उरत नाही. कोणत्या उपकंत्राटदारानं किती मॉडेल बघायचं, हे ठरवणारा माणूस आता साइट इंजिनिअरइतकाच महत्त्वाचा आहे.

(दृश्य : काँक्रीटचे थर एकावर एक ओतणारं यंत्र.)

सध्या सर्वांत जास्त बोलबाला आहे तो त्रिमितीय छपाईचा. भारतीय लष्करासाठी मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसनं अहमदाबाद छावणीत अशा पद्धतीनं दुमजली घर बांधलं. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि ते बारा आठवड्यांत उभं राहिलं होतं. टेक्सासमध्ये फोर्ट ब्लिसला छापलेल्या बराकी आहेत. दुर्गम ठिकाणी मजूर आणि फळ्या न्याव्या लागत नाहीत, हा फायदा मोठा आहे. पण उशीर भिंतींमुळं क्वचितच होतो. तो मंजुरीत, विजेच्या जोडणीत, बदलत्या मागण्यांत होतो. तिथं हे यंत्र काही करू शकत नाही.

ठरावीक मापाचे भाग आणि झटपट उभारणी, ही कल्पना तशी जुनीच आहे. ब्रिटिश अभियंते डोनाल्ड बेली यांच्या सुट्या भागांतून जोडायच्या पुलाचा एक पॅनेल दहा फूट लांब, सुमारे २६० किलो वजनाचा. क्रेन नसेल तिथं सहा जवानांनी उचलायचा. माणसांच्या अंगातली ताकद हेच डिझाइनचं माप. गरज इतकी स्पष्ट असली, की वस्तू पाऊणशे वर्षांनंतरही वापरात राहते.

(दृश्य : डोंगराच्या पोटात अंधारी, प्रचंड टाकी.)

आणि देखभाल. तिच्यासाठी पैसा मागताना कुणाचा फोटो छापून येत नाही. हवाईतल्या रेड हिल डोंगरात १९४० ते १९४३ दरम्यान इंधनाच्या वीस टाक्या कोरल्या गेल्या. प्रत्येक सुमारे २५० फूट उंच. अभियांत्रिकी म्हणून अचाट काम. त्या टाक्या पिण्याच्या पाण्याच्या भूजलसाठ्यापासून अवघ्या शंभर फुटांवर होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये गळती झाली, इंधन पाण्यात मिसळलं आणि लष्करी वसाहतींतली कुटुंबं आजारी पडली. मार्च २०२२ मध्ये ही जागा कायमची बंद करायचं ठरलं. पण पाइपांची अवस्था अशी होती, की इंधन बाहेर काढायच्या आधी दोनशेहून अधिक दुरुस्त्या कराव्या लागल्या. टाक्या रिकाम्या करायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.