नाव होईल ना तुमचं!

नमस्कार मंडळी. विषयाकडे वळायच्या आधी एक गंमत सांगते. या भाषणासाठी मला रेडिओकडून पत्र आलं, त्यात रेकॉर्डिंगची तारीख, वेळ, विषय, आणि खाली मानधनाचा आकडा. आकडा काही फार मोठा नाही, त्यात बंगला बांधता येणार नाही, पण तो होता, छापलेला, मी न विचारता! मी ते पत्र नवऱ्याला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, यात दाखवण्यासारखं काय आहे? तो बँकेत आहे, त्याला नाही कळायचं.

मी चित्रं काढते, अक्षरं काढते, म्हणजे ते देवनागरी लेटरिंग वगैरे, आणि कुणी सांगितलं तर भिंतीही रंगवते. बारा वर्षं झाली फ्रीलान्स करतेय. या बारा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं विचाराल तर, "बजेट नाहीये हो, पण नाव होईल ना तुमचं." हल्ली नाव होईल असं कुणी म्हणत नाही, एक्स्पोजर मिळेल म्हणतात. ऐकायला भारी वाटतं, किराणा दुकानात मात्र चालत नाही.

आमच्या पुण्यातच एक कॅफे उघडत होता, सात-आठ वर्षांपूर्वी. मालक तरुण, बोलायला गोड. म्हणाला, ताई, आमचे पंचवीस हजार फॉलोअर आहेत, या भिंतीसमोर रोज लोक सेल्फी काढणार, प्रत्येक फोटोत तुम्ही. मलाही वाटलं खरंच की. बारा फूट बाय नऊ फुटांची भिंत. मी तिच्यावर जुन्या वाड्याचा चौक काढला, तुळशीवृंदावन, भिंतीला टेकवलेली सायकल, दोरीवर वाळणारं नऊवारी, आणि वर मोठ्ठ्या अक्षरात "या, बसा". अडीच दिवस घोड्यावर उभी होते, घोडा म्हणजे रंगारी लोकांची ती दोन्हीकडे पाय असलेली शिडी, अडीच दिवस तिच्यावर उभं राहिलं की पोटऱ्यांचे गोळे होतात. रंग, ब्रश, मास्किंग टेप धरून साडेतीन हजार माझेच गेले. त्याच्याकडून काय, तर अनलिमिटेड कॉफी. पहिल्या दिवशी पाच प्यायले आणि रात्रभर छताकडे बघत पडले.

आणि मग उद्घाटनाच्या दिवशी स्टोरी टाकली त्याने, मला टॅग करून. फक्त माझ्या नावात जी खालची रेघ आहे ती एक जास्त पडली त्याच्याकडून, आणि ते अकाउंट निघालं नागपूरच्या एका बाईंचं, त्या रांगोळ्या टाकतात. त्या बिचाऱ्यांना एका रात्रीत चाळीस फॉलोअर मिळाले. मी मेसेज केला तर म्हणे उद्या दुरुस्त करतो, पण स्टोरी चोवीस तासात जाते हो, उद्या कसली दुरुस्त करतोस.

आता कुणी म्हणेल की त्यातून पुढे काम आलंच नाही का? आलं ना! तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका कॅफेवाल्याचा फोन आला, भिंत फार आवडली म्हणाला. मी आकडा सांगितला. तर शांतता, आणि मग, "पण मॅडम, त्यांच्याकडे तर तुम्ही फ्रीमध्ये केलं ना?" म्हणजे एक्स्पोजर झालं होतं, अगदी नीट झालं होतं. फक्त नाव नव्हतं पसरलं, भाव पसरला होता.

मागणारी माणसं वाईट असतात असं मला वाटत नाही, अगदी खरं सांगते. त्यांच्या डोक्यात ते काम नसतंच. तुला काय, आवडतंच ना तुला, दोन मिनिटांचं तर काम, बसल्या बसल्या होईल. आपली भाषाही बघा ना. गवंड्याला मजुरी मिळते, रोखठोक शब्द आहे. वकिलाला फी मिळते. आम्हाला काय, मानधन! त्यात मान आधी येतो, धन नंतर, आणि मान एकदा पोचला की धनाची आठवण काढणं वाईट दिसतं. माझ्याकडे सात शाली आहेत. पुण्यात शाल लागेल अशी थंडी वर्षात किती दिवस पडते ते तुम्हीच मोजा. नाटकवाले या बाबतीत शहाणे, ते मानधन वगैरे म्हणत बसत नाहीत, "नाईट किती?" असं सरळ विचारतात, एका प्रयोगाचे किती, विषय संपला. गाणाऱ्यांची बिदागी असायची, तो शब्दही मला आवडतो, त्यात लाजणं नाही.

दिवाळी अंकांचं तर वेगळंच. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी त्यांच्या 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही आपली परंपरा, आणि मला तिचा अभिमान आहे, लहानपणी मी फराळापेक्षा अंकांची वाट बघायचे. पण पहिल्यांदा मी एका अंकासाठी सहा कथाचित्रं काढून दिली तेव्हा मला मानधन म्हणून काय मिळालं, तर तोच अंक. भेटअंक! आत सोन्याच्या पेढीची, बिल्डरची, सहकारी बँकेची अशी चिक्कार रंगीत पानं, म्हणजे जाहिरातीचे पैसे आले होते, कागदवाल्याला मिळाले होते, प्रेसला मिळाले होते. बरं, सगळे असे नसतात. एक वयस्कर संपादक आहेत, दरवर्षी त्यांचा चेक येतो, उशिरा येतो, कधी डिसेंबर कधी जानेवारी, रक्कम छोटी, पण सोबत हाताने लिहिलेलं पत्र की चौथ्या पानावरचं चित्र विशेष आवडलं. त्यांचं काम मी बाकी सगळं बाजूला ठेवून करते.

तर मग करायचं काय? माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो नारायणगावात. पुणे-नाशिक रस्त्यावरचं, जुन्नर तालुक्यातलं, तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचं गाव. यात्रांच्या हंगामात, पाडव्याच्या आसपास, तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा बोर्ड, आत गादी, टेबल, वही. मी गेले होते त्या बोर्डांवरची अक्षरं बघायला, खरं तर फोटो काढायला, आणि अक्षरं राहिली बाजूला, मी तासभर एका राहुटीच्या दारात बसून व्यवहारच ऐकत राहिले. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात सुपारी द्यायला. सुपारी म्हणजे तमाशाचं बुकिंग हो, सिनेमातली नाही. कमिटीचे चार जण, टोप्या घातलेले, म्हणे आमच्या गावाला येता म्हणजे तुमचंच नाव होणार, पंचक्रोशी येते आमच्या यात्रेला. अरे, म्हटलं, हे तर माझंच वाक्य! व्यवस्थापक हसला, चहा मागवला, आणि म्हणाला, "नाव देवाचं होऊ द्या पाव्हणं, तारीख कुठली आणि इसार किती ते बोला." मग घासाघीस झाली, रुसून उठणं झालं, परत बसणं झालं, आकडा ठरला, इसाराच्या, म्हणजे आगाऊ रकमेच्या, नोटा मोजल्या, वहीत लिहिलं, आणि मगच ती तारीख त्या गावाची झाली.

मी डिग्री घेतलेली, लॅपटॉपवर इन्व्हॉइसचं टेम्प्लेट असलेली बाई, मला बारा वर्षांत जे वाक्य सुचलं नाही ते त्या माणसाने चहाचा कप पुढे करता करता म्हटलं. (फडातल्या कलाकारांना त्यातलं किती पोचतं, त्यांच्या डोक्यावर उचलीचं किती कर्ज असतं, हा वेगळा आणि कडू विषय आहे, तिथे सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही.) पण इसार! आपल्याकडे जमिनीला इसार असतो, मंगल कार्यालयाला असतो, बँडवाल्याला असतो, नवरदेवाच्या घोडीला असतो. पत्रिकेचं डिझाइन करणारी मुलगीच तेवढी "झालं की बघू" वर काम करते.

आणखी एक प्रकार म्हणजे टेस्ट. माझी एक मैत्रीण भाषांतर करते. तिला एकाने सांगितलं की तुमचं काम बघायचंय, ही दहा पानं सॅम्पल म्हणून करून पाठवा. तिने केली, जीव ओतून केली. नंतर एका लग्नात तिला तिच्या ओळखीची दुसरी भाषांतरकार भेटली, जेवणाच्या रांगेत गप्पा सुरू झाल्या, आणि लक्षात आलं की तिलाही त्याच माणसाने सॅम्पल दिलं होतं, त्याच मजकुराचं, फक्त हिची पानं जिथे संपली तिथून पुढची दहा! दोघी मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून एकमेकींकडे बघत राहिल्या. अजून किती जणी होत्या कुणास ठाऊक, अख्खं पुस्तक झालं असेल त्याचं.

स्पर्धांचं मात्र मला पक्कं मत बनवता येत नाही. आपल्या रुपयाचं चिन्ह स्पर्धेतूनच आलं ना, 2010 मध्ये, आयआयटी मुंबईतून शिकलेल्या उदय कुमारांचं, त्यांना अडीच लाखांचं बक्षीस होतं. आलेल्या प्रवेशिका तीन हजारांच्या वर, आणि प्रत्येकाने वर पाचशे रुपये भरलेले! स्वच्छ भारतचा तो गांधीजींच्या चष्म्याचा लोगो आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचा, 2014 चा, पन्नास हजार बक्षीस. आता यात निदान नियम उघड होते, बक्षीस किती ते आधी माहीत होतं, ज्याला जायचंय त्याने जावं. पण एखादी कंपनी पाच जणांकडून पाच लोगो मागवते, तीन वेळा रंग बदलून घेते, आणि मग "सध्या प्रोजेक्ट होल्डवर आहे" असं म्हणून गायब होते, ती कुठली स्पर्धा? ते लोकांच्या टेम्पोतून फुकट सामान हलवणं झालं.

थोडं कायद्याचं सांगते, कंटाळू नका, मलाही हे उशिराच कळलं. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. चित्राचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतात, तुमच्या सहीने. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला म्हणजे हक्क दिले असं नाही. आणि कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर पाचच वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतंच. फुकट चित्र काढून दिलं म्हणजे त्याचा मालकी हक्कही गेला असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, उलट पैसे घेऊन ऑर्डरप्रमाणे काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढायला सांगणाऱ्याकडे जाऊ शकतो, फुकटात काढलेलं तुमच्याकडेच राहतं. म्हणजे फुकट घेणारे खरं तर कच्च्या दोरीवर चालत असतात, त्यांना माहीत नसतं एवढंच.

आणि ठरलेले पैसे अडकले असतील तर 2006 चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा आहे. उद्यम नोंदणी करून ठेवा, ऑनलाइन होते, सरकारी साइटवर एक पैसा लागत नाही, "करून देतो" म्हणत हजार-दोन हजार घेणारे बसलेत त्यांना देऊ नका. नोंदणी असेल तर लहान व्यावसायिकाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. मी कुणाला अजून कोर्टात खेचलेलं नाही. पण बिलाच्या तळाशी ही एक ओळ लिहायला लागल्यापासून अकाउंट्सवाले साहेब रजेवर असण्याचं प्रमाण जरा कमी झालंय.

फुकट कधीच करत नाही का? करते की. आमच्या गावच्या शाळेची भिंत रंगवली, मुलांनी ब्रश धुतले, बाईंनी पिठलं-भाकरी आणली. प्रायोगिक नाटकवाल्या पोरांची पोस्टर करते, कारण तिथे दिग्दर्शकापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळेच खिशातले घालत असतात. माझा साधा प्रश्न असतो, मांडववाल्याला पैसे दिलेत का? स्पीकरवाल्याला? केटररला? सगळ्यांना दिलेत आणि माझ्यापाशी येऊन बजेट संपलं, मग ते बजेट संपलेलं नसतं, मला त्यात धरलेलंच नसतं. आणि कॉलेजातनं नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना हे जास्त सांगावंसं वाटतं, कारण मला तेव्हा फुकट करणं परवडलं ते माझं घर पुण्यात होतं म्हणून, आई रोज डबा देत होती म्हणून. लातूरहून आलेला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मुलगा माझ्यापेक्षा चांगलं काढत असेल, पण तीन महिने एक्स्पोजरवर कसा काढेल तो? तो जातो मग डेटा एंट्रीला. आणि मी फुकट भिंती रंगवून त्याचाही भाव पाडलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं.

तो कॅफे बंद पडला मधल्या काळात. मागच्या महिन्यात तिथनं जात होते तर शटर अर्धं वर, आत मोबाईलचं दुकान होतंय. डोकावले. माझ्या वाड्यावर अर्ध्यापर्यंत पांढरा हात मारून झाला होता, तुळस गेली होती, सायकलचं मागचं चाक आणि "बसा" एवढंच राहिलं होतं. घोड्यावर एक रंगारी काका, तोंडाला रुमाल. म्हटलं, काका, हे चित्र माझं आहे. ते ओशाळले, खाली उतरले, म्हणाले, ताई, छान होतं हो, पण मालकाला प्लेन पाहिजे. मी म्हटलं, नाही नाही, तुमचं काय त्यात, चालू द्या. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, पैसे कसे घेता?

"स्क्वेअर फुटावर," काका म्हणाले, "आणि निम्मे आधी. त्याशिवाय डब्याचं झाकण उघडत नाही मी."