ते "थोडे लोक" म्हणजे नेमके कोण?

वैद्यकीय संशोधनाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, की थोड्या लोकांचा जीव धोक्यात घालून लाखो वाचणार असतील तर बिघडलं कुठे? आणि बरेच जण मनातल्या मनात म्हणतात की काही बिघडलं नाही. पण हे थोडे लोक कोण असणार ते त्या प्रश्नात कुणी सांगतच नाही. मला आज तेवढंच बोलायचंय.

टस्कगीचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या या गावी 1932 मध्ये तिथल्या सरकारच्याच आरोग्य खात्याने साधारण 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला, बहुतेक सगळे दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे गरीब लोक, त्यातल्या 399 जणांना सिफिलिस, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा आजार, होता. त्यांना सांगितलं की तुमचं रक्त खराब झालंय आणि आम्ही इलाज करतोय, प्रत्यक्षात उपचार न करता हा आजार मरेपर्यंत कसकसा वाढत जातो ते बघायचं होतं. 1947 पर्यंत पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा नेहमीचा इलाज झाला होता, तरी यांना दिलं नाही. शेवटी 1972 मध्ये पेपरात बातमी आली तेव्हा हे थांबलं, म्हणजे चाळीस वर्षं!

आणि 1947 हेच ते वर्ष, जेव्हा जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गमध्ये अमेरिकन न्यायाधीशांनी कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावली आणि निकालातच दहा कलमांची नियमावली घातली, त्यातलं पहिलं कलम की माणसाची स्वखुशीची संमती असल्याशिवाय प्रयोग नाही. त्याच देशाचे डॉक्टर त्याच काळात अलाबामात रक्ताचे नमुने घेत होते. त्यांना हे आपल्याला लागू होतं असं वाटलंच नाही. मला याचा राग येतो, आजही येतो.

मग कुणी म्हणेल की संमती घेतली की झालं. विलोब्रुकचं बघा. न्यूयॉर्कमधली मतिमंद मुलांची सरकारी संस्था, तिथे 1950 च्या दशकापासून मुलांना मुद्दाम हिपॅटायटिसची, म्हणजे यकृताच्या संसर्गाची, लागण करून अभ्यास झाला. आईवडिलांच्या सह्या होत्या. पण एक काळ असा होता की संस्थेत नवीन मुलांना जागाच नव्हती, जागा होती ती फक्त प्रयोगाच्या वॉर्डात. घरी सांभाळणं अशक्य झालेल्या आईने सही केली तर तिला काय संमती म्हणायचं? डॉक्टरांचं म्हणणं होतं की तिथल्या मुलांना हा आजार तसाही होणारच आहे. आणि हिपॅटायटिसचे दोन वेगळे प्रकार आहेत हे त्या अभ्यासातून पुढे आलं हेही खरं, उपयोगी माहिती मिळाली हे मी नाकारत नाही. पण तिथे मुलं आजारी पडत होती ती घाणीमुळे आणि गर्दीमुळे, ते सुधारायचं सोडून त्याचाच आधार घेतला गेला.

आता ही दोन्ही उदाहरणं तशी सोपी आहेत, चूक कुणाची ते लगेच दिसतं. खरं अवघड उदाहरण 1990 च्या दशकातलं. 1994 मध्ये सिद्ध झालं की एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध दिलं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण साधारण 25 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर येतं. मोठीच गोष्ट होती. पण तो कोर्स लांब, महाग, बाळंतपणात सलाईनमधून औषध द्यायचं, गरीब देशांना अजिबात न परवडणारा. म्हणून आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये छोट्या कोर्सच्या ट्रायल सुरू झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच ट्रायलमध्ये अर्ध्या बायकांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. 1997 मध्ये यावर जोरदार वाद पेटला. टीकाकार म्हणाले, इलाज माहीत असताना देत नाही म्हणजे ही टस्कगीच झाली. उलट बाजू म्हणत होती की या बायकांना एरवी काहीच मिळत नाही आणि छोटा कोर्स "काहीच नाही" पेक्षा बरा आहे का हे लवकर कळायला हवं. 1998 च्या सुरुवातीला थायलंडचा निकाल आला, छोट्या कोर्सने लागण निम्म्यावर आली, आणि प्लासिबो देणं थांबवण्यात आलं.

मी यावर खूप विचार केलाय आणि माझं मत टीकाकारांकडे झुकतं. दुसरी बाजू खोटारडी होती असं मला वाटत नाही, त्यांच्यातल्या कित्येकांना मुलं वाचवायचीच होती. पण "इथे तसंही काही मिळत नाही" हा युक्तिवाद विलोब्रुकमध्येही होता ना. गरिबी हीच प्रयोगाची सोय होऊन बसते, आणि ज्या बाईच्या वाट्याला प्लासिबो आला तिच्या बाळासाठी पुढचा निकाल कितीही चांगला लागला तरी उशीरच झालेला असतो.

म्हणून माझा धोका पत्करण्याला विरोध नाही. 2021 मध्ये ब्रिटनमध्ये 36 तरुण निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम कोविडचा विषाणू सोडला, सगळं आधी समजावून, सतत देखरेखीखाली, आणि नाही म्हटलं असतं तरी त्यांचा कुठलाही इलाज अडणार नव्हता. हे मला मान्य आहे. कुठल्याही ट्रायलबद्दल वाचाल तेव्हा हेच बघा, की समोरचा माणूस नाही म्हणू शकत होता का आणि नाही म्हटल्यावर त्याचं काय झालं असतं. शिवाय औषध चाललं तर ते त्याच लोकांना नंतर मिळणार का. हेलसिंकी जाहीरनाम्यात, म्हणजे डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने संशोधनासाठी घालून दिलेल्या तत्त्वांत, हे आधीच ठरवायला सांगितलंय, पण तो काही कायदा नाही, त्यामुळे कंपनी पुढच्या देशात गेली की मागे राहिलेल्या पेशंटच्या वतीने विचारणारं बहुतेक वेळा कुणीच नसतं.